जोडीदाराला सांगू का?

करंजवणच्या धरणापासून थेट नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीपर्यंत कादवा नदीच्या काठाने सायकलमार्ग झाला, तेव्हा त्यावर इंजिनाचं एकही वाहन जाऊ द्यायचं नाही असं ठरलं. लोकांनी आरडाओरडा केला. ट्रॅक्टर नाही तर नाही, निदान मोटारसायकल तरी जाऊ द्या, म्हणाले. पण कारण साधं होतं. त्या रस्त्याच्या कातडीखाली तांब्याच्या तारेची वेटोळी पुरली होती, अगदी वरवर. जड चाक गेलं की ती चुरडली असती. हळूहळू सगळ्यांना सवय झाली. मग पुण्या-मुंबईची, बंगळुरूची माणसं यायला लागली. दोन-तीन दिवस नदीच्या कडेने, द्राक्षांच्या टेकड्यांमधून, वायनरीत मुक्काम करत सायकल चालवायची आणि कानावर एकही हॉर्न पडू द्यायचा नाही, एवढ्यासाठी.

हर्षदा वडजे ही या मार्गावरची वाटाडी. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून ती पंचविशीतच माहेरी परतली होती आणि आता चाळिशी ओलांडली तरी पोरासोरांना मागे टाकून चढ चढत होती. आईवडील गेलेले. घरात ती आणि धाकटा भाऊ भूषण. भूषण द्राक्षाची कलमं बांधायचा. त्याच्या हातची कलमं मरत नाहीत असं तालुक्यात म्हणत. स्वभाव मोकळा, हसणं मोठं, पण शेतीतला मुलगा म्हणून पस्तिशी आली तरी लग्न जमत नव्हतं. "मला द्राक्षाची बायको मिळाली तरी चालेल," असं तो म्हणायचा आणि हर्षदाला त्या विनोदावर कधी हसू यायचं नाही.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता नव्या सायकली आल्या. त्यांना सगळे जोडसायकली म्हणत. प्रत्येकीच्या चाकात एक मोटर. उतारावर हीच मोटर उलटं काम करून वीज करायची, ती वीज रस्त्याखालच्या तारेत जायची आणि चढावर असलेल्या दुसऱ्या सायकलीला मिळायची. दोन सायकलींची जोडी लावली की दोघांचं बळ आपोआप वाटलं जायचं. दमलेल्याला जोर मिळायचा, धडधाकटाला थोडं जड जायचं. नवराबायको, बापलेक, मैत्रिणी सगळे बरोबरीने मार्गावरचा सगळ्यात खडा, वाघदेवाचा चढ चढून जायचे. कोणी मागे राहायचं नाही.

पण बळ वाटायचं तर आधी ते मोजायला हवं. म्हणून पायडलमध्ये बारीक संवेदक होते, पाय किती दाबतो आणि कधी दाबतो हे ते सतत टिपत राहायचे. जगभरातल्या लाखो माणसांच्या अशा नोंदी काही वर्षं साठल्यावर संशोधकांच्या एक गोष्ट लक्षात आली. पायडल मारणं म्हणजे पायाने वर्तुळ काढणं. वर आलेला पाय पुन्हा खाली दाबायला लागतो, तो क्षण आपण ठरवत नाही. मेंदूच्या तळाशी काळसर पेशींचा एक पट्टा असतो, तिथून ती लय येते. कंपवातात ह्याच पेशी मरत जातात. हात थरथरायला लागेपर्यंत त्यातल्या निम्म्याहून जास्त मेलेल्या असतात. पण त्याच्या कितीतरी वर्षं आधी एका पायाला वर आल्यावर केसभर उशीर व्हायला लागतो. माणसाला कळत नाही, डॉक्टरला दिसत नाही. पायडलला कळतं.

नव्या सायकली चालवून बघायला हर्षदाने भूषणला बरोबर घेतलं. त्याने हेल्मेट घातलं तसा कानातला आवाज विचारू लागला, एखादी शहाणी शिक्षिका बोलावी तसा.

"तुमच्या पायांच्या लयीत आजाराचं काही लक्षण दिसलं, तर तुम्हाला सांगू का?"

"नको बाई," भूषण म्हणाला. "होणारं काय चुकू राहिलंय का?"

तो हसत म्हणाला, पण हर्षदाला त्याच्या मागचं माहीत होतं. त्यांच्या वडिलांना पोटात गाठ असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवसापर्यंत ते रोज बागेत जायचे. दुसऱ्या दिवसापासून खाटेवरून उठले नाहीत. भूषण तेव्हा शाळेत होता. अण्णा आजाराने गेले नाहीत, कळल्याने गेले, असं तो म्हणायचा.

"जोडीदाराला सांगू का?" आवाजाने विचारलं.

"ताईला? सांग की! तिला सगळ्यात नाक खुपसायची हौसच आहे."

आठवडाभर दोघं रोज सकाळी चढ चढत होती. शेवटच्या दिवशी वाघदेवाच्या वर, शेंदूर फासलेल्या त्या दगडाजवळ, हर्षदा पाणी पीत थांबली होती. भूषण पुढे उतारावर सुसाट गेला होता, दोन्ही हात सोडून. तेव्हा तिच्या कानात तोच शांत आवाज म्हणाला, तुमच्या जोडीदाराने परवानगी दिली आहे म्हणून सांगते. मग काय ते सांगितलं. डावा पाय. कंपवाताची दाट शक्यता. लक्षणं दिसायला सहा ते दहा वर्षं.

खाली वळणावर भूषणने शीळ घातली. हर्षदाने हात हलवला.

नाशिकला मेंदूविकाराच्या एक डॉक्टर होत्या, सबा काझी. हर्षदा त्यांच्याकडे गेली. भावाचं नाव तिने सांगितलं नाही. डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"शंभरात आठ-दहा वेळा हे चुकतं," त्या म्हणाल्या. "बाकी वेळा नाही चुकत."

"औषध?"

"लक्षणं आल्यावर ती दाबणारी आहेत. मूळ आजार थांबवणारं अजून नाही. चाचण्या चालू आहेत, पण मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. व्यायाम करू द्या. सायकल उत्तम."

"सायकल तर तो चालवतोच."

"मग झालं तर."

"मग हे कळून उपयोग काय, डॉक्टर?"

काझीबाईंनी चष्मा काढून पुसला. "ज्याचं त्याला कळलं, तर तो काही ठरवू शकतो. पण त्यांनी नको म्हटलंय ना? तो त्यांचा हक्क आहे. मीसुद्धा त्यांना बळजबरीने सांगू शकत नाही."

"आणि मी?"

"तुम्ही बहीण आहात," त्या म्हणाल्या. एवढंच.

हर्षदा त्या आठ-दहांना धरून बसली. रोज सकाळी उठायचं आणि आपला भूषण त्या आठ-दहांतलाच आहे असं स्वतःला सांगायचं. पण डोळे ऐकेनात. तो चहाचा कप उचलायचा, ती बघायची. तो कलमाचा चाकू धारेला लावायचा, ती बघायची.

"काय गं, माझ्या हाताकडं काय पाहू राहिली?" त्याने एकदा विचारलं.

"नखं वाढलीत," ती म्हणाली.

आणि नेमकं त्याच दिवाळीत स्थळ आलं. मुलगी नाशिकची, ऋतुजा. टेकडीवरच्या वायनरीत रसायनतज्ज्ञ होती. भूषण तिथल्या बागेत कलमं बांधायला जायचा, तिथे ओळख झालेली. घरच्यांना विचारायच्या आधीच दोघांनी एकमेकांना विचारून टाकलं होतं. हर्षदाला भूषणने सांगितलं तेव्हा तो लाजला. पस्तिशीचा गडी, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. तिने त्याला जवळ घेतलं आणि मग गाईला पाणी पाजायचं निमित्त करून गोठ्यात जाऊन उभी राहिली.

ऋतुजा घर बघायला आली. मोकळी मुलगी. अंगणातल्या वेलाचं पान चुरगळून तिने वास घेतला, हर्षदाच्या पायातले सायकलचे बूट घालून बघितले. भूषण चहा ठेवायला आत गेला, तशी ती जवळ आली.

"ताई, एक विचारू? आई म्हणाली, मुलाच्या बहिणीला विचार, ती खरं सांगेल. भूषणबद्दल मला माहीत असायला हवं, असं काही आहे?"

आतून कपबशांचा आवाज येत होता. भूषण गाणं गुणगुणत होता.

हर्षदाला वाटलं, आत्ता बोलावं. मग वाटलं, ज्याचं आहे त्यालाच माहीत नाही. ते आधी हिला कोणत्या तोंडाने सांगू? आणि सांगितलं तर ही जाईल. ती गेली तर का गेली ते भूषण विचारेल. सगळ्या वाटा फिरून एकाच दाराशी येत होत्या.

"रागीट नाही," ती म्हणाली. "पण उन्हातून आला की अर्धा तास त्याच्याशी बोलू नकोस."

ऋतुजा खळखळून हसली. तिचं समाधान झालं होतं.

मार्गशीर्षात लग्न झालं. पौषात, थंडी मोडायच्या आत, दोघांना कादवेच्या काठाने सायकलने जायचं होतं. करंजवणहून निघायचं, वायनरीत एक मुक्काम, पुढे नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायचे. "ताई, तूच ने आम्हाला," भूषण म्हणाला. "फुकट वाटाडी."

सकाळी धरणावर धुकं होतं. सायकली लावून ठेवलेल्या. भूषणने हेल्मेट घातलं आणि म्हणाला, "जोडी बदल. ताईच्या जागी माझी बायको."

हे हर्षदाच्या ध्यानातच आलं नव्हतं. इतके महिने ती काय बोलावं आणि काय बोलू नये हे घोकत राहिली, आणि सायकलला तोंड आहे हेच विसरली.

"आज राहू दे," ती घाईने म्हणाली. "मी लावते ऋतुजाबरोबर जोडी. तिला चढाची सवय नाही, तुला जड जाईल."

"लग्न माझं झालंय का तुझं?" भूषण म्हणाला. ऋतुजा हसली. कानातलं काहीतरी ऐकून भूषणने मान डोलावली. "काय म्हणते ही? जुन्या नोंदी नव्या जोडीदाराला? दे, दे. आता सगळं हिचंच."

"भूषण, थांब."

"काय?"

काय सांगणार? नवी नवरी समोर उभी, तो हसतोय. हर्षदा म्हणाली, "हवा बघ मागच्या चाकात."

त्याने दाबून बघितलं. हवा ठीक होती.

नव्या जोडीला सायकल लगेच काही सांगत नसे. एक मोठा चढ होऊ द्यायचा, पायांची लय पुन्हा ताडून बघायची, मग बोलायचं, अशी तिची रीत. हर्षदाला ती माहीत होती. म्हणून वाघदेवाच्या चढापर्यंत ती दोघांच्या मागे राहिली. कदाचित चुकलं असेल. कदाचित या वेळी काही निघणार नाही. दोन्ही बाजूंना द्राक्षांना रंग चढत होता, ओळींमधून धुकं विरत होतं, खाली कादवा ऊन पांघरून पडली होती. लोक लांबून हे बघायला येतात. तिला ऋतुजाच्या पाठीखेरीज काही दिसत नव्हतं.

चढ संपत आला. भूषण पुढे निघून गेला. ऋतुजा मध्येच थांबली. एक पाय जमिनीवर टेकला, हात कानाशी नेला. तशीच उभी राहिली. हर्षदा खालून पायडल मारत होती आणि अंतर संपता संपत नव्हतं.

ती पोचली तेव्हा ऋतुजाने हेल्मेट काढून हातात धरलं होतं. चेहरा कोरा.

"हिने मला सांगितलं, ही माहिती आधीच्या जोडीदाराला सप्टेंबरात दिली होती."

हर्षदाने सायकल कडेला लावली.

"तुमच्या अंगणात उभं राहून मी विचारलं होतं, ताई."

"हो."

"एक शब्द बोलला असतात तर?"

"तर तू नाही म्हणाली असतीस."

"कदाचित हो म्हणाले असते!" ऋतुजाचा आवाज चिरकला. "तेसुद्धा तुम्ही माझं मला ठरवू दिलं नाहीत."

वरून भूषणने हाक मारली, "काय गं, नणंद-भावजय, आत्तापासूनच माझ्या चहाड्या का?"

ऋतुजाने डोळे पुसले, हेल्मेट घातलं आणि वर बघून हात केला. "आले!" ती ओरडली. आवाज अगदी प्रसन्न काढला.

ती सोडून गेली नाही. संसार नीट चालला. माणसांत ती हर्षदाला ताई म्हणायची, वाढायची, विचारपूस करायची. दोघीच उरल्या की बोलणं थांबायचं. हर्षदा शहाणी होती. तिने पालखेडच्या विश्रामगृहात एक खोली घेतली आणि मार्गावर राहणं सोयीचं पडतं असं सांगितलं. भूषणला वाईट वाटलं. "बायको आली म्हणून बहीण गेली, लोक काय म्हणतील?" तो म्हणाला. कोणी काही म्हटलं नाही.

दोन वर्षं गेली. वायनरीची द्राक्षं उतरली, उन्हाळ्यातली खरड छाटणी सुरू झाली, आणि एका दुपारी भूषण विश्रामगृहाच्या पायरीवर येऊन बसला. कात्री मांडीवर.

"ताई, तू ऋतुजाशी बोल."

"काय झालं?"

"मूल नको म्हणते. का, तर सांगत नाही. विचारलं की रडते. माझ्यात काही कमी आहे का, असं विचारलं तर आणखी रडते." तो कात्री उघडत-मिटत होता. डाव्या हाताने. "तुझ्याशी बोलेल. बाई बाईशी बोलते."

हर्षदा वायनरीत गेली. मोठ्या पोलादी टाक्यांमध्ये रस आंबत होता, सगळीकडे तो आंबूस-गोड वास. ऋतुजा नळीत नमुना धरून उजेडाकडे बघत होती. हर्षदाने आल्याचं कारण सांगितलं. ऋतुजाने नळी खाली ठेवली.

"मूल शाळेत जायला लागेल तेव्हा याला शर्टाची बटणं लावता येणार नाहीत," ती म्हणाली. "तरीही चालेल मला, कदाचित. मला माहीत नाही. पण हे मी एकटीने कसं ठरवू? दोघांनी ठरवायचं असतं ना ते? आणि त्यातल्या एकाला माहीतच नाही."

"मग सांग त्याला."

"मी?" ऋतुजा हसली, तिच्या नेहमीच्या हसण्यासारखं नाही. "रोज तोंड उघडते. तो समोर बसून भाकरी मोडत असतो. तेव्हा कळतं, तुम्ही त्या दिवशी अंगणात का गप्प बसलात. आणि तेव्हा तुमचा आणखी राग येतो."

हर्षदा तिथून थेट बागेत गेली. विचार करायला थांबली असती तर गेली नसती.

भूषण शेवटच्या ओळीत होता. दुपार कलली होती. छाटलेल्या फांद्यांचा पायाखाली खच पडला होता. तिने आडपडदा ठेवला नाही. सायकल, डावा पाय, काझीबाई, आठ-दहा वेळा चुकतं ते, सगळं. बोलताना तिला वाटत होतं की आपण कोणाच्या तरी अंगावर दगड टाकतो आहोत आणि तो माणूस हलत नाहीये.

तिचं झाल्यावर त्याने मांडवाची तार बोटाने ताणून बघितली.

"मी नको म्हटलं होतं ना?" तो म्हणाला. रागाने नाही. एखादं लेकरू विचारतं तसं.

"हो."

"ऋतुजाला माहीत आहे?"

"लग्नानंतर आपण गेलो होतो, तेव्हापासून. चढावर कळलं तिला."

"त्या दिवशी?" तो आठवत होता. "त्या दिवशी तर तिने वर आल्यावर माझे फोटो काढले. संध्याकाळी गाणं म्हटलं."

"हो."

"आणि राहिली."

भूषणने कात्री उचलली आणि उरलेली ओळ छाटायला घेतली. एकेक काडी नीट बघून, तिच्यावरचे डोळे मोजून, जिथे कापायचं तिथेच कापत. ती मागे मागे चालत राहिली. ओळ संपली तेव्हा त्याने कात्री पुसून खिशात घातली आणि तिच्याकडे न बघता घराकडे गेला. तिने हाक मारली नाही. हाक मारून म्हणणार काय?

विश्रामगृहात त्या दिवशी पुण्याचा एक गट उतरला होता. हर्षदाने त्यांना उद्याचा मार्ग सांगितला, पाण्याच्या जागा सांगितल्या. एका बाईने विचारलं, जोडसायकली चांगल्या असतात का हो? हर्षदा म्हणाली, चढाला बऱ्या पडतात.

रात्री फोन वाजला. ऋतुजाचा. दोन वर्षांत तिने आपणहून फोन केला नव्हता.

"ताई," ती म्हणाली, आणि थांबली.

"तो आला का?"

"आला. जेवला. नंतर भांडी घासली, कधी नाही ते. मला हात लावू दिला नाही. मग विचारलं, चढावर कळलं तेव्हा रडलीस का. मी हो म्हटलं." पलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता. "तेव्हापासून बाहेर ओट्यावर बसलाय. काही बोलत नाही. मी शेजारी जाऊन बसले तर सरकून जागा दिली, पण बोलत नाही."

"मी येऊ?"

"येऊन काय करणार?"

"काही नाही," हर्षदा म्हणाली.

"या मग," ऋतुजा म्हणाली.